मागच्या चाकावरचं छप्पर

मंगळवार, ४ तारीख

या वहीला आज दुसऱ्यांदा सुरुवात. पहिली सात पानं बेकरीच्या कोर्सची आहेत. सातव्या पानावर पाव का फुगतो ते अर्धवट लिहिलंय, कारण तेवढ्यात मी कोर्स सोडला. पाव का फुगतो हे मला अजून माहीत नाही आणि त्यावाचून माझं काही अडलेलं नाही.

आत्याकडे चार दिवसांसाठी आले होते. आज विसावा दिवस. बंदराच्या गावी मैत्रीण आहे, तिच्या गोदामात माझ्यासाठी काम निघालं की सुटले. तोवर इथं. इथं म्हणजे आत्या आणि आतोबांची लाँड्री. पुढं दुकान, मागं अंगण, वर दोन खोल्या आणि जिकडं बघावं तिकडं चादरी. स्टेशनजवळच्या विश्रामगृहाच्या चाळीस खाटा आहेत, त्यांच्या चादरी आणि अभ्रे दर सोमवारी आणि गुरुवारी इथून जातात. बाकी गिऱ्हाईक म्हणजे तोंडी लावणं. विश्रामगृहाचं काम गेलं तर दुकान गेलं, हे आत्या दिवसातून तीनदा सांगते. जणू काही मी दुकान घ्यायला आलेय.

चादरी नेणाऱ्या गाडीला गल्लीत 'तिपाई' म्हणतात. पुढं दोन चाकं, मागं एक. पुढं दोन माणसांपुरती जागा, मागं चादरींचं खोकं. मागचं चाक खोक्याच्या पोटात शिरतं आणि त्याच्यावर लोखंडी जाळीचा उंचवटा आहे, म्हणजे गठ्ठे चाकावर पडत नाहीत. जाळी आणि चाक यांच्यामध्ये मडगार्ड असतं. म्हणजे काल दुपारपर्यंत होतं.

कालचं असं झालं. दोघं जेवून आडवे झाले होते. कोपऱ्यावर पाण्याच्या पाइपासाठी रस्ता खणताहेत, तिथं पिवळं खोदयंत्र आलंय असं ऐकलं. मला ते बघायचं होतं. चालत पाच मिनिटं. पण तिपाई समोर उभी होती आणि किल्ली खिळ्याला. आत्यानं पहिल्याच दिवशी बजावलंय, 'गाडीला हात लावायचा नाही. ती तीन चाकांची आहे आणि तू बिनचाकांची.' माझ्याकडे लायसन्स आहे. आयुष्यात पास झालेली एकमेव परीक्षा. तर गेले. यंत्र खरंच बघण्यासारखं होतं, लोखंडी हत्ती चिखल खातोय असं. त्याला वाट द्यायला मी मागं घेतली, मागचं चाक पाइपांच्या ढिगात घुसलं, आणि परत पुढं घेतली तेव्हा मडगार्ड मागंच राहिलं. मी उतरेपर्यंत त्याच्यावरून खोदयंत्र गेलं. पापड झाला. मी तो तिथंच टाकून आले.

सीटला खाली खाचा आहेत. आतोबांची पाचवी, मी बुटकी म्हणून माझी तिसरी. संध्याकाळी आतोबा गाडीत बसायला गेले आणि त्यांचे गुडघे स्टिअरिंगवर आदळले. "अरेच्चा," म्हणाले. वाकून कट्-कट् सीट मागं घेतली, उतरले, गाडीभोवती फिरून मागच्या चाकापाशी उभे राहिले. मग माझ्याकडं बघितलं. मी अभ्रे वाळत घालत होते, इतकं मन लावून की अभ्र्यांनाही संशय यावा. ते काही बोलले नाहीत. इतका वेंधळा माणूस मी जन्मात बघितला नाही. सीट पुढं कशी आली, हा प्रश्न शेंबड्या पोरालासुद्धा पडला असता.

"अहो, मडगार्ड कुठाय?" आत्या ओरडली.

"पडलं असेल कुठंतरी खड्ड्यात."

"पडलं असेल? मडगार्ड आहे का रुमाल?"

मी सांगणार होते. पण आत्या इतकी रंगात आली होती की मध्ये तोंड घालणं बरं दिसलं नसतं.

गुरुवार, ६

आतोबा विश्रामगृहातून परत आले ते तोंड लांब करून. कोपऱ्यावर खणलेल्या पाइपातून पाणी गळतंय, रस्त्याचा राडा झालाय. मागच्या चाकानं तो राडा जाळीतून थेट वरच्या गठ्ठ्यावर उडवला. सहा चादरींवर चिखलाचे शिंतोडे.

विश्रामगृहाची चादरी मोजून घेणारी बाई म्हणजे एक नमुनाच. चष्म्याची काच इतकी जाड की मी तिला भिंग म्हणते. एकदा आतोबांबरोबर गेले होते तेव्हा बघितलं, चादर खिडकीपाशी धरून ती असं न्याहाळते जणू त्यावर चोराचे ठसे आहेत. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चादरी बघत काढायची आणि तोरा राणीचा.

भिंग म्हणाली, "वीस तारखेला पुढच्या वर्षाचं काम कुणाला द्यायचं ते ठरणार आहे. यंत्रावर धुणारे लोक दोनदा येऊन गेले. मी तुमच्या बाजूनं बोलेन, पण या असल्या चादरी घेऊन कशी बोलू?"

आत्यानं हे ऐकलं आणि आतोबांना सुरू झाली. सोळा वर्षांत कधी काही पडलं नाही आणि नेमकं आत्ताच पडलं. डोळे उघडे ठेवून चालवत जा. उद्या चाक पडलं तरी तुम्हाला घरी आल्यावर कळेल. आतोबा मान हलवत चहा पीत होते.

"आपल्यावरचं एका शब्दानं परतवत नाही हा माणूस," मी मनात म्हटलं. असल्या मऊ लोकांमुळंच जगात कडक लोकांचं फावतं.

मध्येच आत्या माझ्याकडं वळली, "तू का गं जेवत नाहीस? खाई त्याला खवखवे. तू कुठं काय खाल्लंयस?"

म्हण तिनं सहज टाकली. मला ठसका लागला.

शुक्रवार, ७

मी मडगार्ड बनवणार आहे. असं जाहीर केल्यावर आत्या इतकी हसली की तिला बाकाला धरून बसावं लागलं.

"तुला बटण लावता येतं का?"

"बटणाचा काय संबंध?"

"तेच म्हणते. कशाचाच कशाशी संबंध नसतो तुझा."

नवं विकत मिळत नाही, ही गाडी बनवणारे कारखानदार कधीच गाशा गुंडाळून बसलेत. आणि कुणीतरी केलं तर पाहिजे. आतोबा तर नुसते बसलेत. इथं कुणालाच काही जमत नाही, म्हणून मी करतेय. दुसरं काही कारण नाही.

शनिवार, ८

पहिला प्रयत्न. अंगणात फुटकं निळं प्लास्टिकचं पिंप होतं. पिंप आयतंच गोल, चाकही गोल. करवतीनं त्याची एक फाक कापली आणि तारेनं जाळीला बांधली. दिसायला झकास. आतोबांनी गल्लीत फिरवली तर आतून कोंबड्याची मान मुरगळल्यासारखा आवाज. प्लास्टिक डुगडुगतं आणि टायरला घासतं. तिसऱ्या फेरीला पिंपाची फाक सुटून घरंगळत पत्रेवाल्याच्या दारात गेली.

पत्रेवाला समोरच राहतो. पत्र्याचे डबे, नळकांडी, पन्हाळी करतो. साठीच्या पुढचा, मिशीत पत्र्याचं चकाकतं कुसळ अडकलेलं असतं. त्याचं नाव मी हूं ठेवलंय, कारण तो तेवढंच बोलतो. पावसाला हूं, नमस्काराला हूं, मयताची बातमी आली तरी हूं. त्यानं फाक उचलली, उलटी केली, दारात ठेवली आणि म्हणाला, "हूं."

संध्याकाळी आतोबा कोपऱ्यावरून येताना काहीतरी काखेत मारून आले. चपटं झालेलं जुनं मडगार्ड!

"कुठं मिळालं?"

"खोदयंत्रवाल्यानं दिलं. त्यानं बाजूला ठेवलं होतं."

"काही म्हणाला का तो?"

"म्हणाला, बरं झालं माणूस खाली आला नाही." आणि भिंतीला टेकवून हात धुवायला गेले.

म्हणजे त्यानं माझं काही सांगितलेलं दिसत नाही. सुटले. खोदयंत्र चालवणाऱ्यांना माणसं लक्षात राहत नसावीत.

सोमवार, १०

आज चादरी प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून पाठवल्या. कल्पना आत्याची, म्हणून तिला कुणी काही बोललं नाही. इस्त्रीची ऊब आत कोंडली आणि तिथं पोचेपर्यंत चादरींना कोंदट वास. भिंगानं नाक मुरडलं. आत्या म्हणे, "सगळ्याचं मूळ ते मडगार्ड." आणि आतोबांकडं असं बघितलं की मीच उठून आत गेले. नवरा-बायकोचं भांडण बघायला मला कंटाळा येतो, एवढंच.

मंगळवार, ११

सापडलं! अंगणाच्या कोपऱ्यात जुनं कपडे धुण्याचं यंत्र मरून पडलंय. आत्या त्याच्यावर साबणाची पोती ठेवते. त्याचं बाहेरचं पिंप पत्र्याचं, न गंजणारं, आणि गोलाई चाकापेक्षा थोडी मोठी. म्हणजे नेमकी पाहिजे तशी. हे सोळा वर्षं त्यांच्या डोळ्यांपुढं पडलंय आणि कुणाला दिसलं नाही. मी वीस दिवसांत बघितलं. (सत्तावीस. असो.)

यंत्र उघडलं तर आत अकरा बटणं, एक चमचा आणि कुणाचं तरी लहानपणीचं मोजं निघालं. मोज्याची जोडी शोधण्यात एक तास गेला. मिळाली नाही. आत्या म्हणाली, "ते तुझं आहे. तू तीन वर्षांची असताना सुट्टीला आली होतीस." मी म्हटलं, ठेवून काय उपयोग, एकच तर आहे. तिनं धुवून वाळत घातलं. या बाईला काही फेकता येत नाही.

पत्रा कापायला हूंकडं गेले. माझ्याकडची कात्री पत्र्यावर नुसती घसरते. त्यानं कात्री हातात दिली आणि मला कापू दिलं, पहिल्या इंचात माझा अंगठा कापला तरी. मग चिंधी दिली. हूं.

बुधवार, १२

पत्रा कापून झाला. रुंदी जुन्या मडगार्डवरून घेतली. चपटं झालं तरी रुंदी तीच ना. त्या जुन्या मडगार्डच्या दोन्ही बाजूंना लोखंडी कड्यांचे चार तुकडे अडकलेत, पाइपाला आवळायच्या क्लॅम्पचे. कुठल्या अडाण्यानं एवढी उठाठेव केली असेल कुणास ठाऊक. वर सरळ जाळी आहे, जाळीला चार बोल्ट मारले की झालं. लोकांना सोपं अवघड करून दाखवायची हौस असते.

हूंनं काठात जाड तार घालून पत्रा तिच्यावर दुमडायला लावला. चारी कडांना. ठोक, सरकव, ठोक, सरकव. मी म्हटलं, "काका, हे कुणाला दिसणार आहे? चाकाला?" तो म्हणाला, "हूं." दुपारभर ठोकलं. हात आता लिहिताना थरथरतोय. तार नसती घातली तरी चाललं असतं.

पण कडेवरून बोट फिरवलं तर कापत नाही. हे मात्र छान वाटतं.

गुरुवार, १३

आज आतोबा लांबच्या रस्त्यानं गेले, चिखल टाळून. चादरी स्वच्छ, पण पोचायला दीड तास उशीर. पाहुणे खोल्यांत शिरायला उभे आणि खाटा उघड्या. भिंगानं आता लेखी कळवलंय. एक ओळीची चिठ्ठी: 'वीस तारखेपर्यंत स्वच्छ आणि वेळेवर.' अक्षरही भिंगातून लिहिल्यासारखं.

आत्यानं चिठ्ठी देवघरात नाही, इस्त्रीच्या टेबलावर डकवली. तिथं तिचा दिवस जातो. आज तिनं आतोबांना काहीच ऐकवलं नाही. ते जास्त वाईट होतं. नुसती इस्त्री करत राहिली, त्याच त्या चादरीवर दोनदा.

मैत्रिणीचा निरोप आला. जागा निघालीय, सोमवारपर्यंत ये. मी कळवलं, पुढच्या आठवड्यात. एकदा ठोकलंय तर बसवून तरी जावं. नाहीतर हे लोक उलटं बसवतील.

शनिवार, १५

बसवलं! जाळीला खालून चार बोल्ट, वर वायसर, दोन्हीकडून पाना. चाक आणि पत्रा यांच्यात तीन बोटं अंतर. मोजून. रिकामी गाडी मी म्हटलं तशी आतोबांनी चिखलातून पाच वेळा नेली. जाळीवर पांढरा रुमाल बांधला होता. रुमालाला एक ठिपका नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला!

आत्या मडगार्डकडं बराच वेळ बघत राहिली. कौतुक करायचं म्हणजे तिला दात काढल्यासारखं होतं. "बरं केलंयस," म्हणाली. मग लगेच आतोबांना, "बघा. तुम्ही घालवलंत ते पोरीनं करून दिलं."

आतोबा म्हणाले, "खरंय."

तेव्हा मी उगाच बोल्ट पुसत बसले. पण ते स्वतःच 'खरंय' म्हणाले तर मी कशाला मध्ये पडू? त्यांना चालतंय ना.

हूं येऊन वाकून बघून गेला. बोल्टला बोट लावलं. जाळीला बोट लावलं. तोंड उघडलं, माझा चेहरा बघितला, मिटलं. हूं. जळला असणार.

सोमवार, १७

मी उठले तेव्हा गाडी गेलेली होती. गठ्ठे पहाटे भरतात, ते हमालीचं काम, त्यासाठी माझी झोप मोडायचं कारण नाही.

आतोबा अकराला परत आले. गुडघ्यापर्यंत चिखल, डावा खांदा धरून. मागं तिपाई ढकलत दोन पाइपवाले. मडगार्ड सीटवर पडलेलं, मधोमध घासून पांढरं झालेलं, दोन बोल्ट जाळीसकट उपटलेले.

झालं ते असं. अर्ध्या वाटेवर रबर जळाल्याचा वास यायला लागला. थांबून बघितलं तर टायर मडगार्डला चिकटलेला, फिरेना. त्यांनी मडगार्ड उपटलं, आणि चिखल उडू नये म्हणून गाडी तिथंच ठेवून गठ्ठे खांद्यावर टाकून नेले. चार खेपा. भिंगाला वेळेत आणि स्वच्छ चादरी मिळाल्या. तिला काहीच कळलं नाही.

आत्या तेल चोळत बडबडत होती. "काय झालं काय पण त्या मडगार्डला? परवा तर चांगलं चाललं होतं."

"मीच वाटेत बोल्ट जरा जास्त आवळले," आतोबा म्हणाले. "त्यानं बिघडलं."

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं आवळायला? चांगल्या वस्तूला तुमचा हात लागला की संपलं!"

त्यांनी बोल्टला हातही लावला नव्हता. पाना माझ्या उशाशी आहे. शनिवारपासून.

हा माणूस खोटं बोलतो आणि तेही स्वतःच्या विरुद्ध. याला काय म्हणायचं? मी मूर्ख म्हणून ठेवलंय. पण नीट बसत नाहीये.

मंगळवार, १८

जेवण न करताच घासलेलं मडगार्ड घेऊन हूंकडं गेले. म्हटलं, "काका, तुम्हाला शनिवारीच कळलं होतं ना? मग बोलला का नाहीत?"

"तू ऐकलं असतंस?"

मला ऐकू आलं ते त्याचं पहिलं वाक्य. आवाज बारीक आहे, डब्याचं झाकण उघडल्यासारखा. म्हणून बोलत नसावा.

"नसतं ऐकलं," मी म्हटलं.

"हूं. पहाटे गाडी भरतात तेव्हा ये."

"सकाळी दाखवा की."

"सकाळी गाडी रिकामी असते."

बुधवार, १९

पहाटे उठले. आयुष्यात दुसऱ्यांदा, पहिल्यांदा ट्रेन चुकली होती. भरायच्या चादरी उद्याच्या, पण हूंनं आत्याला सांगून सगळे गठ्ठे आजच खोक्यात चढवायला लावले. आतोबांचा खांदा सुजलेला, तेव्हा उचलायचे कुणी? मी. एका गठ्ठ्यात दहा खाटांचं सामान. पहिला उचलला तेव्हा पाठीतून कळ गेली. असले चार. हे असले चार परवा त्या माणसानं चिखलातून नेले.

हूं चाकापाशी बसला होता. "बोटं घाल," म्हणाला. जाळी आणि चाक यांच्यात मी हात घातला. गठ्ठा चढला, चाक वर आलं. दुसरा चढला, आणखी वर. तिसऱ्याला मी हात बाहेर काढला, नाहीतर चेपला असता.

चाक हलतं. एवढं साधं. खाली स्प्रिंग आहे, वजन पडलं की खोकं खाली बसतं आणि चाक त्याच्या पोटात वर शिरतं. मी रिकाम्या गाडीला मोजून छप्पर ठोकलं होतं. गाडी भरताना मी कधी बघितलंच नव्हतं, कारण ती भरली जाते तेव्हा मी झोपलेली असते.

हूंनं जुन्या मडगार्डचा पापड पुढं ओढला आणि क्लॅम्पच्या त्या चार तुकड्यांवर एकेक टिचकी मारली. ज्याला मी अडाणी म्हटलं त्यानं मडगार्ड जाळीला नाही, चाक धरणाऱ्या दांड्याला आवळलं होतं. चाक वर गेलं की मडगार्डही वर. बरोबर राहिलं की घासत नाही.

"कुणी केलं होतं हे?" मी विचारलं.

हूंनं हनुवटीनं दारात उभ्या आतोबांकडं दाखवलं.

"मग सांगितलं का नाही मला?" मी त्यांच्यावरच खेकसले.

आतोबा म्हणाले, "तू एवढी हौसेनं करत होतीस. आणि मला वाटलं तुझं काहीतरी वेगळं असेल डोक्यात."

माझ्या डोक्यात! मला भयंकर राग आला. कुणाचा ते ठरेना.

दिवसभर चौघं लागलो होतो. मधला घासलेला भाग हूंनं आतून ठिगळ मारून रिव्हेट केला. दोन लोखंडी पट्ट्या वाकवल्या, दांड्याला नवे क्लॅम्प. आतोबा एका हातानं धरायचे, मी आवळायची. "अजून अर्धा फेरा. बास. बास म्हटलं की बास." आत्या दिवा धरून उभी, तोंड चालूच. "डावीकडं वाकडंय." "नाहीये, आत्या." "मला वाकडं दिसतंय." "तू वाकडी उभी आहेस." हूं हसला. त्याला दात आहेत.

चाचणीला चारही गठ्ठे, त्यांच्यावर पांढरी चादर, तिच्यावर आत्या. "वजन कमी नको पडायला," म्हणून तिला बसवलं. मला काय बोलायचंय ते तिनं माझ्या तोंडावर वाचलं आणि म्हणाली, "एक शब्द बोललीस तर बघ." आतोबांनी एका हातानं राड्यातून दोन फेऱ्या मारल्या. आत्या उतरली, चादर उचलून उजेडात धरली, अगदी भिंगासारखी. कोरी.

गुरुवार, २०

आतोबांचा हात वर होत नाही. सकाळी आत्या म्हणाली, "आता नेणार कोण?" आतोबांनी किल्ली खिळ्यावरून काढून माझ्यापुढं धरली. आत्या तोंड उघडणार होती. "लायसन्स आहे तिच्याकडं," ते म्हणाले.

गठ्ठे चढवले, दार उघडून बसले. पाय बरोबर पेडलवर. हात बरोबर स्टिअरिंगवर. चार पावलं गाडी पुढं गेली आणि मग माझ्या लक्षात आलं. मी सीट हलवली नव्हती. ती आधीच पुढं होती. थांबून खाली हात घालून मोजलं. तिसरी खाच.

आत्या गाडी चालवत नाही. हूं चालवत नाही. तिसरी खाच कुणाला माहीत असेल? ज्याचे गुडघे सतरा दिवसांपूर्वी तिथं आदळले त्याला.

आरशात बघितलं. आतोबा फाटकात उभे होते, चांगल्या हातानं 'जा, जा' करत.

रस्ताभर मी त्यांना शिव्या दिल्या. वेंधळा माणूस म्हणे! सतरा दिवस या माणसानं माझं ओझं वाहिलं, आत्याचे टोमणे खाल्ले, खोदयंत्रवाल्याकडून सगळं ऐकूनही गप्प बसला, आणि मी वहीत त्याची अक्कल काढत बसले. मागची पानं आत्ता वाचली. फाडावीशी वाटली. फाडली नाहीत. राहू देत, मला माहीत असावं मी काय चीज आहे.

कोपऱ्यावरच्या राड्यातून जाताना मागून फक्त पाण्याचा सळसळ आवाज. घासणं नाही, जळका वास नाही.

भिंगानं चाळीसच्या चाळीस चादरी खिडकीपाशी धरल्या. एकेक. मी उभी. शेवटची घडी घालून ती म्हणाली, "आज ते नाहीत आले?"

"खांदा दुखावलाय. सोमवारी चार खेपा खांद्यावरून आणल्या त्यांनी."

तिनं चष्मा काढला. चष्म्याशिवाय तिचे डोळे साधे, दमलेले आहेत. "ते बोलले नाहीत," ती म्हणाली. मग मुख्य साहेबांच्या खोलीत गेली. मी बाहेर बाकावर बसून भिंतीवरच्या घड्याळाचा काटा अठरा वेळा हललेला बघितला. ती बाहेर आली, म्हणाली, "पुढचं वर्ष तुमचंच. सोमवारी आठच्या आत." आणि आत निघून गेली. तोरा तसाच.

घरी आल्यावर आधी ते सांगितलं. आत्या खुर्चीत बसली आणि पदरानं चेहरा पुसत राहिली. मग जेवताना बाकीचं सांगितलं. खोदयंत्र, पाइपांचा ढीग, पापड, सीट. सगळं.

आत्याचा घास हवेत राहिला. मला वाटलं आता ताट येतं अंगावर. ती वळली आतोबांकडं. "आणि तुम्ही सतरा दिवस माझं ऐकून घेतलंत?"

"हं."

"का?"

"तू बोलतेस ते ऐकायची सवय आहे मला," आतोबा म्हणाले. "तिला नाही. ती निघून गेली असती."

आत्यानं हातातला घास परत ताटात ठेवला. मी ताटात बघत होते. मग ती माझ्या ताटात वाढत म्हणाली, "सोमवारी पहाटे गठ्ठे तू चढवायचेस. एकटीनं. भवाने."

शनिवार, २२

मैत्रिणीला कळवलं, सध्या जमत नाही. ती म्हणाली, तुझं कधी काय जमलंय? बरोबर आहे तिचं.

काल गाडी लावताना मी सीट मागं घेऊन ठेवली. पाचवी खाच, मोजून. त्यांची गाडी आहे, या वेळी विसरायचं नाही. आज सकाळी बघितलं तर परत तिसरी. मी परत पाचवीत घातली. चहा पिऊन आले तर तिसरी. अंगणात आतोबा एका हातानं अभ्रे वाळत घालत होते, फार मन लावून.

हेकट माणूस. बघते कोण आधी दमतं.